एएनएम की जीएनएम? नर्सिंगला प्रवेश घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या एसटी स्टँडभोवती नर्सिंगचे फ्लेक्स लागतात. 'प्रवेश सुरू, दहावी-बारावी पास-नापास, नोकरीची १०० टक्के हमी', आणि खाली मोबाइल नंबर. त्यातले काही खऱ्या नर्सिंग स्कूलचे असतात, काही नसतात. फ्लेक्स कितीही वेळा वाचला तरी त्यातला फरक कळत नाही, म्हणून आपण कोर्सच्या शेवटच्या टोकापासून सुरुवात करू.

कोर्स संपल्यावर जे प्रमाणपत्र हातात येईल, त्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते का? पहिला प्रश्न हाच, आणि फी, होस्टेल, गणवेश हे सगळं त्याच्यानंतर. ही परिषद १९६६ च्या कायद्याने चालते आणि राज्यात परिचारिका म्हणून काम करण्याचा हक्क तिच्या नोंदवहीतल्या नावाने मिळतो. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ), जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) आणि बी.एस्सी. नर्सिंग हे नोंदणीपर्यंत नेणारे मुख्य तीन कोर्स. 'पेशंट केअर', 'बेडसाइड असिस्टंट', 'जनरल ड्युटी असिस्टंट' हे सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे कोर्स मदतनिसाचं काम शिकवतात. ते काम प्रामाणिक आहे आणि दवाखान्यांना त्याची गरजही आहे. पण त्या कागदावर परिषदेत नोंदणी होत नाही, जिल्हा परिषदेच्या भरतीचा अर्ज भरता येत नाही आणि पुढे नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षालाही बसता येत नाही. वर्ष आणि घरचे पैसे घालवून हे ज्या मुलींना कळतं त्यांची फार वाईट अवस्था होते. म्हणून प्रवेशाच्या खिडकीवर हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारा आणि उत्तर लेखी मागा.

आता तिन्ही कोर्स नीट बघू. एएनएम दोन वर्षांचा असतो, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. तो फक्त मुलींसाठी आहे. बारावी कला किंवा विज्ञान, इंग्रजी विषयासह उत्तीर्ण असावं लागतं, व्होकेशनलमधला फक्त आरोग्यसेवेचा गट चालतो. जीएनएम तीन वर्षांचा. तो मुलांनाही खुला आहे, बारावीची कोणतीही शाखा चालते, पण एकूण किमान ४० टक्के आणि इंग्रजीतही स्वतंत्रपणे ४० टक्के हवेत. दोन्हींसाठी वय १७ ते ३५. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची पदवी. तिला बारावी विज्ञान लागते, भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय, खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के गुण आणि राज्याची सीईटी. ती नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून मिळते. एएनएम आणि जीएनएमच्या परीक्षा मात्र विद्यापीठ घेत नाही, त्या राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. घरातल्या मावशी किंवा आत्या नर्स असतील तर त्यांचा सल्ला जरूर घ्या, पण त्यांच्या काळी एएनएम दहावीवर दीड वर्षात व्हायचं आणि जीएनएम साडेतीन वर्षांचं होतं, हे लक्षात ठेवा. आजचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून घ्यायचे.

निवड करताना एक हिशोब हमखास राहून जातो. पुष्कळ जणी म्हणतात, आधी एएनएम करते, नोकरी धरते, मग पुढचं बघू. एएनएम झाल्यावर जीएनएमला प्रवेश मिळतो, पण तो थेट दुसऱ्या वर्षाला मिळत नाही, पहिल्यापासून तीन वर्षं करावी लागतात. त्यानंतर पदवी हवी असेल तर पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची दोन वर्षं. बेरीज सात वर्षं. तीच पदवी विज्ञान शाखेच्या मुलीला थेट चार वर्षांत मिळते आणि जीएनएमपासून सुरुवात केली तर पाच वर्षांत. माझं मत स्पष्ट आहे: जीएनएमला प्रवेश मिळत असेल आणि घरची परिस्थिती एक वर्ष जास्त पेलू शकत असेल, तर केवळ लवकर संपतं म्हणून एएनएम घेऊ नका. ज्या मुलीला गावपातळीवरच काम करायचं आहे, उपकेंद्र, लसीकरण, गरोदर मातांच्या भेटी यांत जिचा जीव रमतो, तिच्यासाठी एएनएम हा उत्तम आणि पूर्ण कोर्स आहे. तो तिच्यासाठीच आखलेला आहे. सपाट भागात सुमारे ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असतं आणि तिथला सगळा भार आरोग्यसेविकेवर, म्हणजे एएनएम झालेल्या सिस्टरवर असतो.

कागदपत्रांची तयारी निकालाची वाट न बघता सुरू करा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, राखीव प्रवर्गातल्यांसाठी जातीचा दाखला, जात वैधता आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमिलेअर, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. यात सगळ्यात जास्त अडतं ते जात वैधतेपाशी आणि नावातल्या फरकापाशी. आधारवर 'सुनिता', गुणपत्रिकेवर 'सुनीता' असेल तर ती वेलांटी पुढे परिषदेच्या नोंदणीपर्यंत छळते. आताच दुरुस्त करून घ्या. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो, त्यासाठी बँक खातं आधारशी जोडलेलं हवं.

संस्था पारखताना इमारत बघू नका, दवाखाना बघा. नर्सिंग खाटांपाशी शिकतात. परिषदेचा निकष एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्णांचा आहे. संस्थेचं स्वतःचं रुग्णालय किती खाटांचं आहे, त्यातल्या किती प्रत्यक्ष भरलेल्या असतात, पोस्टिंग कोणत्या जिल्हा रुग्णालयात किंवा ग्रामीण रुग्णालयात मिळतं, हे विचारा. त्याहून चांगला उपाय म्हणजे दुपारी ड्युटी सुटायच्या वेळेला गेटपाशी उभं राहून दुसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोला. प्राचार्य सांगणार नाहीत ते त्या पाच मिनिटांत सांगतील. आणि कोणी 'नॉन-अटेंडिंग' प्रवेश देऊ केला, म्हणजे कॉलेजला न येता फक्त परीक्षेला यायचं असं सांगितलं, तर तिथून उठा. ज्या मुलीने रुग्णाची नाडीसुद्धा मोजलेली नाही ती उद्या एखाद्याच्या शिरेत औषध सोडणार असते. हे फसवणुकीच्याही पुढचं आहे. मूळ कागदपत्रं जमा करावी लागली तर पावती घ्या, साक्षांकित प्रतींचे दोन संच घरी ठेवा आणि कोर्सनंतर सेवेचा बाँड आहे का, तो मोडला तर किती रक्कम भरावी लागते, हे सही करण्याआधी वाचा.

पहिलं वर्ष

पहिल्या वर्षी मुली दोन ठिकाणी अडखळतात, इंग्रजीत आणि बेड मेकिंगमध्ये. दुसरं ऐकून घरचे म्हणतात, चादर घालायला काय शिकायचं? शिकायचं असतं. लकव्याने एक बाजू गेलेला रुग्ण अंथरुणावर पडून असतो. त्याच्या माकडहाडाखाली चादरीची एक सुरकुती राहिली, त्यात ओल असली आणि त्याला दर दोन तासांनी कूस बदलून दिली नाही, तर तिथली त्वचा आधी लाल होते, दाबली तरी पांढरी पडत नाही, मग फोड येतो, मग जखम. हा बेडसोअर. हाडापर्यंत गेलेला बेडसोअर भरायला महिने लागतात आणि त्यातून जंतुसंसर्ग रक्तात गेला तर जीवही जातो. त्यामुळे ट्यूटर चादरीचा कोपरा परत घालायला लावतात तेव्हा त्या छळत नसतात. लाल डाग पहिल्याच दिवशी ओळखणारी नजर याच वर्षात तयार होते.

इंग्रजीचं दडपण मराठी माध्यमाच्या मुलींना फार येतं. जीएनएमला पहिल्याच वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, नर्सिंग फाउंडेशन आणि सामुदायिक आरोग्य असं एकदम समोर येतं आणि पुस्तकं इंग्रजीत असतात. पाठांतराने हे पार होत नाही. आधी ती गोष्ट मराठीत समजून घ्या: रक्त हृदयाच्या कोणत्या कप्प्यातून कुठे जातं हे स्वतःच्या शब्दांत मैत्रिणीला सांगा, चित्र काढा, मग इंग्रजी नावं त्या चित्रावर चढवा. केसपेपरवरची भाषा तर थोडीच आहे आणि ती महिनाभरात येते. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तर, स्टॅट म्हणजे आत्ता लगेच, एनबीएम म्हणजे तोंडाने काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. ऑपरेशनच्या सकाळी 'घोटभर चहा दिला तर काय होतं' असं नातेवाईक विचारतात. भुलीत तो चहा उलटून फुप्फुसात जाऊ शकतो. हे त्यांना शांतपणे समजावून सांगणंही तुमचंच काम.

गणिताला घाबरून कला शाखा घेतलेल्या मुलींना एक गोष्ट आधीच सांगते: इथे गणित आहे, पण ते गुणाकार-भागाकाराच्या पुढे जात नाही. डॉक्टरांनी लिहिलंय, ५०० मिली सलाइन चार तासांत. साध्या आयव्ही सेटच्या, म्हणजे सलाइनच्या नळीच्या, पाकिटावर एका मिलीचे किती थेंब ते छापलेलं असतं, समजा २० आहेत. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब. चार तासांची मिनिटं २४०. भागाकार केला की साधारण ४२. म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. घड्याळ हातात धरून, थेंब पडतात त्या चेंबरकडे बघत ते मोजायचे आणि वेग कमी-जास्त करणारा रोलर सरकवायचा. लहान मुलांच्या मायक्रो सेटला एका मिलीचे ६० थेंब असतात, त्यामुळे तिथे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब, वेगळा हिशोबच नको. इंजेक्शनचंही तसंच: अमिकासिनच्या २ मिलीच्या बाटलीत ५०० मिलिग्रॅम आहे आणि ३७५ द्यायचं आहे, तर दीड मिली.

इन्सुलिनपाशी मात्र क्षणभर थांबायचंच. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिलीचं इन्सुलिन मिळतं आणि १०० युनिटचंही. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं नारिंगी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने १० च्या रेघेपर्यंत ओढलं तर रुग्णाला १० च्या ऐवजी २५ युनिट जातात. साखर एकदम खाली येते, रुग्णाला घाम फुटतो, तो बरळायला लागतो आणि रात्रीची वेळ असेल तर 'झोपलाय' असं समजून कोणी बघतही नाही. बाटली, सिरिंज आणि केसपेपर तिन्ही डोळ्यांसमोर धरून, रुग्णाचं नाव विचारून मगच सुई टोचायची. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. हे पाच बरोबर नाइट ड्युटीच्या पहाटे चार वाजतासुद्धा चुकता कामा नयेत. आणि दिल्यावर लगेच नोंद करायची. नंतर लिहू म्हटलं की दुसरी सिस्टर तेच औषध पुन्हा देते.

वॉर्डात पाऊल टाकण्याआधी हिपॅटायटिस बीची लस सुरू करा: पहिला डोस, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. वापरलेल्या सुईला परत टोपण घालू नका, सुया टोचतात त्या बहुधा तेव्हाच. टोचली तर साबण-पाण्याने धुवा, रक्त पिळून काढू नका, आणि रागावतील म्हणून लपवू नका, लगेच इनचार्ज सिस्टरला सांगा. एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा असतो.

पुढे सरकणं

हजेरी हा पुढच्या वर्गात जाण्यातला मोठा अडसर. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, आणि प्रात्यक्षिकाचे तास तर शेवटी १०० टक्के भरून द्यावे लागतात. आजारपणात, लग्नकार्यात बुडालेल्या ड्युट्या नंतर कराव्याच लागतात. पास व्हायला लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळे ५० टक्के. बारावीच्या ३५ ची सवय असलेल्या मुलीला हे सुरुवातीला जड वाटतं. एका विषयात राहिलात तर खचू नका, पण तो लगेच पुढच्या संधीला काढा. मागच्या वर्षाचा विषय आणि नव्या वर्षाची नाइट ड्युटी एकत्र आली की दोन्ही कच्चे राहतात.

जीएनएमच्या दुसऱ्या वर्षी मेडिकल-सर्जिकल, बालरोग आणि मानसिक आरोग्य येतं. वॉर्ड बदलतात, ओव्हर देणं-घेणं, म्हणजे ड्युटी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या सिस्टरला सोपवणं, सुरू होतं. चांगला ओव्हर कसा द्यायचा हे पुस्तकात सापडत नाही. बेडजवळ उभं राहून रुग्णाचं नाव, काय झालंय, रात्रीत काय बदललं, लघवी किती झाली, कुठलं औषध द्यायचं राहिलंय, कुठला रिपोर्ट यायचाय, हे दोन मिनिटांत सांगता आलं की समजा तुम्हाला रुग्ण समजला. केस बुक आणि प्रोसिजर बुक रोजच्या रोज भरा. वर्षअखेरीला मैत्रिणीच्या वहीतून केस उतरवून सह्या मिळवण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. परीक्षक व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, एकच प्रश्न विचारतात, 'या पेशंटच्या पायावर सूज होती का?' आणि उतरवलेली केस तिथेच उघडी पडते.

मिडवायफरी, म्हणजे बाळंतपणाचं शिक्षण, एएनएम आणि जीएनएम दोन्ही कोर्सना शेवटच्या टप्प्यात येते. प्रसूतिकक्षातली पार्टोग्राफ नावाची कागदाची एक शीट मला सगळ्यात मोलाची वाटते. गर्भाशयाचं तोंड ४ सेंमी उघडलं की तिच्यावर नोंदी सुरू होतात: दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके, कळा, आईची नाडी, आणि चार-चार तासांनी तपासणीत तोंड किती उघडलं ते. शीटवर दोन तिरप्या रेषा छापलेल्या असतात. आलेख पहिल्या रेषेच्या उजवीकडे सरकायला लागला की बाळंतपण रेंगाळतंय हे उपकेंद्रातल्या एकट्या सिस्टरलाही दिसतं आणि १०८ ची गाडी वेळेत बोलावता येते. दुसऱ्या रेषेपर्यंत वाट बघायची नसते, विशेषतः जिथून तालुक्याचं गाव घाटापलीकडे आहे तिथे. पार्टोग्राफ बाळंतपण झाल्यावर आठवून भरणारी विद्यार्थिनी त्याचा सगळा उपयोगच घालवते.

एएनएमच्या मुलींसाठी लसीकरणाचा दिवस हीच खरी परीक्षा. डब्यातली प्रत्येक बाटली उचलल्यावर आधी तिच्यावरचं छोटं गोल निशाण बघायचं, त्याच्या आत एक चौकोन असतो. आतला चौकोन भोवतालच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस चालेल, दोन्हींचा रंग सारखा झाला की ती बाद. उघडलेली बीसीजी किंवा गोवर-रुबेलाची बाटली चार तासांनंतर टाकून द्यायची, बाळं रांगेत असली तरी. बीसीजी डाव्या दंडावर, कातडीच्या आत, फुगीर टिपका दिसेल अशी. आणि लस टोचून झाल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या: कोणती लस दिली, ताप आला तर काय करायचं, पुढच्या वेळी कधी यायचं आणि कार्ड सांभाळून आणायचं. अर्धा तास तिथेच बसवून ठेवायचं. हे बोलायला वेळ नाही म्हणून जी गप्प राहते तिच्या गावातली बाळं दुसऱ्या डोसला येत नाहीत.

कोर्स झाल्यावर

निकाल लागला की पहिला अर्ज परिषदेत नोंदणीचा, नोकरीचा नंतर. नोंदणीशिवाय दिलेली कुठलीही 'स्टाफ नर्स'ची नोकरी स्वीकारू नका, काही बिनसलं तर कायदा तुम्हालाच विचारेल. सरकारी वाटा साधारण अशा: एएनएमला जिल्हा परिषदेत आरोग्यसेविका आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी पदं, जीएनएम आणि बी.एस्सी.ला सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका, पुढे बढतीने परिसेविका, अधिसेविका. एम्सच्या भरतीसाठी नॉरसेट परीक्षा असते. तिथे बी.एस्सी.ला अनुभवाची अट नाही, पण जीएनएमला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून पहिली खासगी नोकरी धरताना खाटा किती ते बघा आणि सोडताना तारखांसह अनुभवपत्र घ्या. पगाराचे दोन-तीन हजार कमी-जास्त असण्यापेक्षा पहिल्या दोन वर्षांत आयसीयू किंवा प्रसूतिकक्षात शिकायला मिळतंय का हे जास्त महत्त्वाचं.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा केला आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी तो आणला आहे, पण परिचारिकेचं नाव नोंदवहीत असणं त्यातही आवश्यकच आहे. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि त्यासाठी मधल्या काळात प्रशिक्षण-कार्यशाळांना हजर राहून श्रेयांक मिळवावे लागतात. ती प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये जपा. लग्नानंतर नाव बदलणार असाल तर राजपत्र, आधार आणि परिषदेची नोंद या तिन्ही ठिकाणी एकाच स्पेलिंगने बदला, आणि हे काम भरतीची जाहिरात येण्याआधी उरका.